केबिनमधला गारवा

४ मे

सकाळपासून एकच चित्र डोळ्यांपुढे. मोठा चढ संपल्यावर ट्रक कडेला घेतलाय. रेडिएटर तापलाय. तो समोर उकिडवा बसून जुन्या टूथब्रशने जाळीत अडकलेले किडे काढतोय, आणि मी पायरीवर बसून, पाव बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा त्याला मोठ्याने वाचून दाखवतेय. बातमी अर्धीच होती. उरलेली त्याने रचून सांगितली – चोर सापडला, तोही फौजदाराच्याच माजघरात! हसता हसता मी पायरीवरून घसरले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या दिवशी विशेष असं काहीच घडलं नाही. मग आजच का आठवावं?

दुपारी केबिनमध्ये गरम हवा यायला लागली. एसी गेला.

दुसऱ्या कुणाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. माझं मात्र धाबं दणाणलंय. त्याचं डोकं हळूहळू पुसलं जातंय, त्याला दोन वर्षं होतील. जेवला की नाही ते आठवत नाही, मुलाचं नाव आठवत नाही, पण ट्रक आठवतो. सकाळी उठतो, आंघोळ करतो, “ट्रिप आहे” म्हणतो आणि निघतो. हिवाळ्यात ट्रक कामाला बाहेर दिला होता, तेव्हा हा शोधत शोधत हमरस्त्यावर पोचला. धावत्या गाड्यांच्या मधोमध उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, माझी गाडी पाहिली का?

तेव्हापासून ट्रक आमच्या अंगणातच. मेस्त्रीने खालचा शाफ्ट काढून ठेवलाय; इंजिन चालतं, चाकं फिरत नाहीत. हा दिवसभर स्टिअरिंगवर, मी शेजारी. दुपारी इंजिन आणि एसी. “कुठवर आलो, मिस?” असं विचारतो – मी कॉन्व्हेंटची म्हणून लग्नाआधीपासून मिस – आणि मी सांगते, निम्मं संपलं.

मुलाने साफ सांगितलंय, बाबा गेटच्या आत आणि धडधाकट आहेत तोवर ठीक. नाहीतर शहराबाहेरच्या त्या वृद्धांच्या निवासात.

५ मे

एसीवाला आला. पुढची जाळी वर केली. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढ्यातली ती सपाट, बारीक पात्यांची चौकट. तापलेला गॅस तिथे निवतो. एका कोपऱ्यात तेलकट डाग होता. त्यावर साबणाचं पाणी लावलं, तर इवलासा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

“हे बघा काकू. इथून श्वास घेतोय.”

चौकट काढून त्याने वेल्डिंग केलं. तोवर आमचे उस्ताद – गॅरेजमध्ये सगळे ह्याला उस्तादच म्हणतात – वर बसून तणतणत होते, वाटेत कसलं काम काढलंय म्हणून. एसीवाल्याने सांगितलं, टोलनाका आहे उस्ताद, रांग लागलीय.

“पुढच्याला म्हणावं, झोपायचं तर घरी जाऊन झोप. इथे माझा माल नासतोय.”

६ मे

गारवा आला. शीळ घालत गाडी हाकतोय. मी शेजारी चक्क घोरले म्हणे.

९ मे

पुन्हा गरम हवा. गळती दुसरीकडे, आधीच्या जागेपासून वीतभर अंतरावर. एसीवाला शरमला बिचारा. माझा टाका जागचा हललेला नाही काकू, हाताने चाचपून बघा, असं चार वेळा म्हणाला. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा गॅस. जाताना पुटपुटला की चौकट जुनी झालीय, आता तिची चाळण होत जाणार.

चाळण. दिवसभर तोच शब्द डोक्यात. चाळण काय फक्त चौकटीचीच झालीय?

११ मे

एसी चालू आहे म्हणून मी निर्धास्त होते. कपडे वाळत घालायला मागच्या बाजूला गेले. परत येते तो दोन्ही काचा वर, दारं आतून बंद, आणि हा घामाने निथळतोय. गॅस पुन्हा गेला होता! मी काचेवर बुक्के मारले. तो आतून मान हलवून सांगत होता, नको, धूळ येते. ओठ पांढरे पडले होते.

काय सुचलं कोण जाणे. मी ट्रकच्या पुढ्यात जाऊन हात आडवा करून उभी राहिले, पोलीस राहतो तशी. जमेल तेवढ्या जाड आवाजात म्हटलं, गाडी बाजूला घ्या, लायसन दाखवा. त्याने इमानाने ब्रेक दाबला, दार उघडलं, खिसे चाचपत खाली उतरला आणि माझ्याच अंगावर कोसळला.

डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, “आज निभावलं. पुन्हा असं झालं तर मला बोलावूसुद्धा नका. एक तर गाडी गार ठेवा, नाहीतर माणसाला गाडीतून काढा.”

मुलगा फोनवर आधी रडला, मग रागावला. एकवीस तारखेला रजा काढून येतो आणि बाबांना घेऊन जातो, म्हणाला. मी भांडले नाही. भांडायला तोंड कुठे होतं!

१२ मे

गाडीतून काढून पाहिलं. ट्रकला कुलूप लावलं, किल्ली लपवली, ताडपत्रीने केबिन झाकली. सगळी सकाळ तो गेटचे गज धरून उभा. नंतर हमसून हमसून रडायला लागला. गाडी चोरीला गेली, मालकाला काय तोंड दाखवू?

कसला मालक! तो स्वतःच तर मालक होता. पण बहुतेक त्याआधीच्या दिवसांत जाऊन पोचलाय, दुसऱ्याची गाडी चालवायचा तेव्हाच्या. त्या दिवसांत मी आहे का? विचारायचा धीर झाला नाही.

किल्ली दिली. ओल्या चादरी काचांवर टाकल्या, दारं दोरीने उघडी बांधली, आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसले. असे किती दिवस निघणार?

१३ मे

प्रार्थना करून पाहिली. शाळेत सिस्टरनी शिकवलेलीच, दुसरी येत नाही. ट्रकच्या एसीसाठी कोण करत असेल!

१५ मे

कळलं. गळती का होते ते कळलं.

काल संध्याकाळी एसीवाल्याने तिसऱ्यांदा चौकट सांधून बसवली. आज उजाडता उजाडता मी दूध आत घ्यायला गेले, तर हा ट्रकपुढे उकिडवा बसलेला. जाळी वर केलेली, हातात माझी क्रोशाची सुई. जीभ दातांत धरून, अगदी मन लावून, तो पात्यांच्या मधून काहीतरी कोरून काढत होता.

“फार किडे अडकलेत, मिस. रात्रभर चाललो ना.”

एकही किडा नव्हता. कुठून असणार? प्रत्येक ट्रिपनंतर जाळी साफ केल्याशिवाय हा घरात पाऊल टाकत नसे. मी ताट वाढून हाका मारायची आणि हा म्हणायचा, आधी तिचं, मग माझं. ब्रश सापडला नसेल, म्हणून माझ्या टोपलीतली सुई घेतली. पोलादी सुई आणि कागदासारखं पातळ ॲल्युमिनियम! आपल्याच हाताने तिला भोसकतोय आणि त्याला वाटतंय, आपण तिची काळजी घेतोय.

रागवू कशावर? सगळं विसरलेल्या माणसाचा हात अजून कामाला चुकत नाही, ह्यावर?

शेजारी जमिनीवर बसले. “ह्या कोपऱ्यात आहे बघ अजून एक,” म्हणाले, आणि सुई अलगद काढून घेतली.

१६ मे

एसीवाल्याला सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “म्हणजे माझं वेल्डिंग चांगलं होतं!” दोघंही हसलो. मग मला रडूच आवरेना, परक्या माणसासमोर.

आता ही चौकट सांधण्यापलीकडे गेलीय. ह्या मॉडेलची नवी मिळत नाही. दुसऱ्या गाडीची आणून, क्लॅम्प बदलून बसवतो म्हणाला, आणि पुढे बारीक तारेची जाळी ठोकतो, म्हणजे उस्तादना हवं तेवढं कोरू दे.

मुलाला कळवलं. “कंडेन्सर बदलशील, आई. बाबांचं काय बदलणार आहेस?”

बोलला ते खोटं नाही. म्हणूनच लागलं.

१९ मे

नवा कंडेन्सर बसला. एसीवाल्याने तासभर पंपाने आतली हवा ओढून काढली, गॅस भरला, आणि जुना ब्रश उस्तादच्या हातात दिला. ह्याने तारेची जाळी घासली आणि खूश होऊन वर चढला. झरोक्यावर तळहात धरून म्हणाला, “वा! आता कितीही लांब जाऊ.”

एवढी थंडी की मी शाल घेतली. मुलाला फोनवर झरोक्याचा आवाज ऐकवला. तो म्हणाला, परवा येतोय, बघू. नाही म्हणाला नाही! पहिल्यांदाच वाटलं, हा उन्हाळा निघेल.

२१ मे

सकाळी तो केबिनमध्ये चढला नाही. अंगणात उभा राहून ट्रककडे पाहत राहिला आणि मला म्हणाला, “केवढी मोठी गाडी! कुणाची हो, बाई?”

मग खुर्चीत बसला तो बसलाच. मुलगा आला तेव्हा गेट सताड उघडं होतं, ह्याने तिकडे पाहिलंही नाही. मुलगा दिवसभर त्याच्यासमोर बसून होता. संध्याकाळी हळूच म्हणाला, “राहू दे, आई. आता कुठे जाणार आहेत ते?”

मागितलं होतं तेच मिळालं.

गाडीतलं कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे मागून घोळ नको. ट्रक एसीवाल्याला. शाफ्ट बसवून चालवत न्यावा, साखळीने ओढत नाही. कंडेन्सर काढून विकू नये, गाडी त्याच्यासकट द्यावी. ताडपत्री मेस्त्रीला, कधीची मागतोय. हॉर्न नातवाला, सूनबाईला राग येईल, येऊ दे. केबिनमधली गादी आणि उशी गॅरेजच्या रखवालदाराला. किल्ल्यांची साखळी मुलाला.

तो मला.