वस्तीची विहीर आणि दादाचा बोअर

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटत नाही. दादा माझ्याशी बोलत नाही, आणि त्याला कारण मीच आहे.

मी कॉलेजात पाण्याचा कायदा शिकवते, याचं तुला कायम हसूच यायचं. नागपूरहून सुट्टीत आले की चुलीपुढे बसून तू माझी फिरकी घ्यायचीस, "पान्याचा कायदा शिकवतं म्हने, अन् चार भांडे घासाले दोन बादल्या लागते तुले!" दादा भाकरी मोडता मोडता खो-खो हसायचा. मला असा राग यायचा! वर्गात मी नद्यांचे तंटे सोडवायचे आणि आपल्या गावी, रिठदला आले की माझी ही किंमत. पण या विषयाकडे मी वळले ती तुझ्यामुळेच. वरच्या आळीच्या विहिरीवर आपण लांब उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर घ्यायचं. मग वस्तीतल्या बाया गोळा करून तू रिसोडच्या कचेरीपुढे ठिय्या दिलास आणि आपल्या वस्तीत सरकारी विहीर आणलीस. पहिली बादली तूच ओढलीस. "पोरीहो, आता कोनापुढं हात पसराचा नाई," एवढंच म्हणालीस.

गेल्या उन्हाळ्यात दादानं शेतात बोअर मारला, या विहिरीला अगदी लागून. फोनवर लेकरासारखा ओरडत होता, "बाई, पानी लागलं वं! हळद लावतो आता!" मीही खूश झाले. बोअर कुठे मारला, हे विचारायचं सुचलंच नाही. दिवाळी होऊन महिना झाला आणि शेजारच्या काकूचा फोन आला. "बाई, तुह्या दादाच्या बोअरनं इहीर आटली. पोरी पुन्हा वरच्या आळीत पानी मांगाले जाऊन राह्यल्या."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पिण्याच्या सरकारी विहिरीजवळ असा बोअर चालत नाही. मी हे दरवर्षी शिकवते, त्या नियमाच्या मसुद्यावर मान मोडून काम केलंय. गावी गेले. दादाला म्हटलं, मोटर थोडाच वेळ चालव, विहिरीत पाणी राहू दे. हिरव्यागार हळदीत उभा होता तो. "माह्याच पोटावर पाय द्याले शिकली का तू कायदा?" मी वाशीमच्या वसतिगृहात असताना दर शनिवारी सायकलवर डबा घेऊन येणारा माणूस हा. विनवण्या केल्या, रडले. तो ऐकेना. शेवटी तहसिलीत माझ्या नावानं अर्ज दिला. माणसं येऊन मोटरीला सील लावून गेली. वहिनीनं मला चहा दिला, पण दादा घरात आला नाही.

हळद पिवळी पडली, ती निम्मीसुद्धा निघणार नाही म्हणतात. विहिरीला पाणी येतंय. काकू सांगते, पोरी आता आपल्याच विहिरीवर भरतात. ऐकून बरं वाटतं, आणि फोन ठेवल्यावर रडूही येतं.

वस्तीतले सगळे म्हणतात, "तुझी माय असती तर तिनं तुझी पाठ थोपटली असती." मी हो म्हणते. पण मी तुला ओळखते ना! साहेबांपुढे वाघीण असायचीस आणि दादानं तोंड पाडलं की विरघळायचीस. "भाऊ आहे वं तुया, जाऊ दे," म्हणाली असतीस आणि मी तो अर्ज फाडून टाकला असता. तू नाहीस म्हणूनच मला जमलं, माय.