कुलपांना दिलेली नोटीस

प्रिय बादल,

नगराध्यक्ष झाल्यापासून तुला निवेदनं येतात, सत्काराची निमंत्रणं येतात. हे यातलं काही नाही. फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतोस, म्हणून लिहायला बसले. कागद फाडता येतो, पण 'मीटिंगमध्ये आहे' असं त्याला सांगता येत नाही.

काल पुन्हा नाल्याकाठच्या टिनाच्या वस्तीत गेले होते. सगळ्या दारांना कुलपं आणि प्रत्येक कुलपाखाली तुझ्या नगर परिषदेची नोटीस. पंधरा दिवसांत म्हणणे मांडावे, अन्यथा पडीक बांधकाम हटवण्यात येईल. कोण मांडणार म्हणणं, बादल? ती माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली आहेत. कोल्हापूरकडे कुठल्यातरी फडात आत्ता मोळ्या बांधत असतील. पाडव्याला परत येतील, तेव्हा त्यांच्या चुलींच्या जागी तुझा जॉगिंग ट्रॅक असेल. नोटीस वाचायला वस्तीत एकटी म्हातारी धनीबाई आहे, आणि तिला वाचता येत नाही.

मी तुझ्यासाठी या गावात चौकाचौकांत घसा फोडला आहे. काय सांगत होते मी लोकांना? की हा माणूस इंजिनिअर आहे, मापात चुकत नाही. पुलाच्या कामात लोखंड कमी भरलं म्हणून यानं अख्खा स्लॅब फोडायला लावला, बदल्या सोसल्या, आमदाराच्या माणसासमोर मोजणीचा टेप खाली ठेवला नाही. शेवटी नोकरी सोडली, पण खोट्या मोजमापावर सही केली नाही. त्यातला शब्दही खोटा नव्हता. मी पुस्तकं पुष्कळ वाचली, थोरामोठ्यांची वचनं भाषणात फेकली, पण टाळ्या पडायच्या त्या तुझ्या फोडलेल्या स्लॅबला.

आणि आता तुझा सर्व्हे बघ. ड्रोन उडवला, फोटो काढले, जानेवारीत. धूर नाही, दोरीवर कपडे नाहीत, म्हणजे घरं ओसाड. अहवालात शब्द आहे 'निर्मनुष्य'. वरून उंबरठा दिसत नाही, बादल. खाली उतरून पाहिलं असतंस तर दिसलं असतं की प्रत्येक उंबरठा शेणानं सारवलेला आहे. मागे राहिलेली म्हातारी सगळ्या ओळीचे उंबरठे सारवते, माणसं येईपर्यंत. सारवलेला उंबरठा म्हणजे घर जितं आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही. हे तांड्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुझ्या सल्लागाराला कळलं नाही, तो पुण्याचा. तुला कळू नये?

तूच मला हे सांगितलं होतंस. अमरावतीला कॉलेजात होतो, सुटीत कारंज्यापर्यंत एकाच एसटीनं यायचो. तेव्हा एकदा तू खिडकीबाहेर बघत बोललास, इतकं बोललेलं मी तुला पुन्हा कधी ऐकलं नाही. आश्रमशाळेतून संक्रांतीला पोहरादेवीजवळच्या तुमच्या तांड्यावर यायचास, तर घराला कुलूप. आई, तुझी याडी, फडात, बाप फडात. मग तू त्या सारवलेल्या उंबरठ्यावर पिशवी उशाला घेऊन झोपायचास. शेणाचा वास आला की वाटायचं याडी आतच आहे. मी त्या दिवशी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हा प्रश्न मी पुढे बरीच वर्षं स्वतःला विचारत होते. तुझ्या लग्नानंतर विचारणं सोडलं.

ते जाऊ दे. गेल्या सोमवारी तुझ्या दालनात हेच बोलायला आले, तर तो तुझा जाड्या नगरसेवक म्हणाला, "मॅडम, कुलपं काय मत देतेत का?" सगळे हसले. तूही हसलास. मोठ्यानं नाही, पण हसलास. वकिली करताना मी कोर्टात पुष्कळ अपमान गिळले. हे हसू गिळता आलं नाही. बाहेर आले तर तू मागून येऊन समजूत घालायला लागलास, "सुकेशनी, तू भाषणं करून राह्यली, मले गाव चालवा लागते." गाव कुणाचं चालवतोस? नाल्याच्या या काठाला गाव संपतं, असं कुठल्या नकाशात शिकलास? सकाळी पोट कमी करायला चालणाऱ्यांसाठी, पोट भरायला गाव सोडून गेलेल्यांची घरं पाडायची, आणि याला विकास म्हणायचं? ट्रॅक पन्नास पावलं वर सरकव. नाल्याचा बांध तिथं रुंद आहे, हे मी नाही, तुझ्याच जुन्या आराखड्यात तू लिहिलं आहेस.

आता जे सांगायचं होतं ते. उद्या मी नागपूरला हायकोर्टात अर्ज दाखल करते आहे. नोटीस स्थगित व्हावी म्हणून. रीतीप्रमाणे समोरच्या पक्षाला मी आधी पत्र लिहीत नाही, आणि लिहिणारही नव्हते. पण परवा संध्याकाळी गोमतीबाई माझ्याकडे आल्या. तुझ्या बंगल्यावरून ऑटोनं, एकट्या, तुला देवळात जाते म्हणून सांगून. म्हणाल्या, "उंबरठा काहून सारवतेत, ते कोर्टाले मीच सांगतो. माह्यापेक्षा जास्त कोनाले माईत हाये?" नगराध्यक्षाची आई आहात, विचार करा, असं मी त्यांना दोनदा म्हटलं. त्यांनी पदर खोचला आणि अंगठा पुढे केला. अर्जासोबतचं पहिलं शपथपत्र त्यांचं आहे. जिना उतरताना मात्र थांबल्या. म्हणाल्या, "त्याले आंधी सांगजो पोरी. चार मानसांत त्याच्या हातात कागद पडला तं लेकरू कावरंबावरं होईन." म्हणून हे पत्र. आज जेवताना त्यांना काही विचारू नकोस. त्या तुझ्या ताटात भाकरी वाढतील, तेवढी खा.

तुझ्या बाजूनं बोलत आलेली, आणि आजही बोलणारी,
तुझीच,
सुकेशनी