बाबांचा डौल

१२ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी ‘विद्यार्थी स्टिअरिंगवर आहे, नंतर बोलते’ म्हणून ठेवून देतेस. पत्राला असं करता येत नाही, म्हणून पत्र.

आईचा गुडघा बरा आहे. तिने जिने चढायचं सोडून दिलंय, त्यामुळे तो बराच राहणार. बाबा ठीक. स्टुडिओच्या मागच्या खोलीत मी आता स्वतंत्र बसते. खिडकी बुजवली, भिंतींना जाड पडदे लावले. पंखा आवाज करतो म्हणून तोही काढला. उन्हाळ्यात काय करायचं ते उन्हाळ्यात बघू.

गाणं पूर्ण झाल्यावर, छापून विकायला जाण्याआधी, ते शेवटी ज्या माणसाच्या हातून जातं तो माणूस मी. कुठला आवाज दबलाय, कुठला अंगावर येतोय ते पाहून सगळं एका पातळीला आणायचं. बाबा याला इस्त्री म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण शब्द चुकीचा नाही.

आता मुद्दा. बाबांची पहिली रेकॉर्ड पुन्हा निघते आहे. तीस वर्षं झाली म्हणून. कंपनीकडून एक गृहस्थ येतात, ते कधीही जाकीट काढत नाहीत, आम्ही त्यांना जाकीटच म्हणतो. जाकीट म्हणाले, ‘जुनं जसंच्या तसं काढलं तर म्हातारे घेतील. तरुणांनी नाचायला हवं असेल तर आजचा आवाज द्या.’ काम माझ्याकडे आलं.

तू ऐकणं सोडलंस, म्हणून आजचा आवाज म्हणजे काय ते सांगते. तुमच्या वेळचा टेक्नोचा ठोका कोरडा आणि आखूड होता, टेबलावर बोटाचं पेर आपटावं तसा. दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी मोकळी जागा, की तिथे खुर्ची टाकून बसावं. पुढे यंत्रं कॉम्प्युटरात गेली आणि संगीत हडकुळं झालं. नुसत्या टिचक्या, खरखर, मध्येच एखादा थेंब. मग त्या हडकुळ्याला मांस चढलं, ठोक्याला शेपूट फुटलं, जमिनीखालून मालगाडी चालल्यासारखी घरघर दोन ठोक्यांमधली सगळी जागा खाऊन बसली. आता वेगही वाढलाय. ठोका मुद्दाम फाडतात, कागद फाडावा तसा, आणि पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत आवाज एकाच उंचीवर ताठ उभा असतो.

मला हे आवडतं. हे वाक्य नीट वाच. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मी स्वतः जे करते ते मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस ठोक्यांचं असतं, आणि तू ऐकलंस तर म्हणशील, ‘अगं, गिअर बदल, इंजिन रडतंय.’ रडू दे. त्यातच मजा आहे.

तेव्हा बाबांच्या रेकॉर्डला नवा आवाज द्यायला माझी ना नव्हती. त्यासाठी पहिलं काम म्हणजे प्रत्येक आवाज वेळेच्या आखलेल्या चौकटीत नेऊन बसवायचा. नवा जड ठोका जुन्या सैल हॅटशी भांडतो, म्हणून हॅट सरळ करावी लागते. हॅट म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये येणारा तो ‘त्स’. तुला सांगायला नको.

मी टेप कॉम्प्युटरवर उतरवली. ठोका यंत्राचा होता, केसभरही हललेला नाही. हॅट मात्र यंत्राची नव्हती. दर दुसरी हॅट अकरा मिलिसेकंद उशिरा पडते. कधी दहा, कधी तेरा. आणि प्रत्येक आठ मात्रांच्या शेवटी, वळण जवळ आलं की ती लवकर येऊ लागते, जणू कुणाला पुढे जायची घाई झाली आहे. यंत्र उशीर करतं तेव्हा दर वेळी तेवढाच करतं. यंत्राला घाई होत नाही.

याच उशिराला लोक ‘बाबांचा डौल’ म्हणतात. मुलाखतींत बाबांनी सांगितलंय की त्यांच्या सेकंड हँड यंत्रात काहीतरी जादू होती. अर्ध्या पिढीने त्या डौलाची नक्कल केली. आजही नवी पोरं तो तयार मिळतो तसा विकत घेतात आणि आपल्या गाण्याला लावतात.

आत्या, मी अठराव्या वर्षी बाबांना न सांगता तुझ्याकडे गाडी शिकायला येत होते. सिग्नलला थांबलो की तू डॅशबोर्डवर दोन बोटं वाजवायचीस आणि म्हणायचीस, ‘मापाडे, आरशात बघ, घड्याळात नको.’ परीक्षेच्या दिवशी मी फोनवर व्हिडिओ काढला होता, आठवतं? त्यात माझं तोंड कमी आणि तुझी बोटं जास्त आहेत. मी तो आवाज मोजला आणि टेपवरच्या हॅटशेजारी ठेवला. तोच उशीर, तीच घाई. कोर्टात चालेल की नाही माहीत नाही. मला चालतं.

बाबांना विचारलं, ‘ही हॅट कुणी वाजवली?’

‘यंत्राने. कोण वाजवणार?’

‘आत्या तेव्हा स्टुडिओत नसायची?’

‘असायची की. बाजूला बसायची. कॉफी करायची.’

‘मग कॉफी फारच तालात होती,’ मी म्हटलं.

जाकीट हसले. बाबा हसले नाहीत. मी त्यांना हॅट नीट ऐकवायचा प्रयत्न केला. ते हल्ली स्पीकरवर तळहात ठेवून बसतात, तसेच बसले होते. म्हणाले, ‘ठोका वाढव.’ मी ठोक्याबद्दल बोलतच नव्हते. असो. ते पुन्हा कधीतरी.

मी हॅट अजून सरळ केलेली नाही. सरळ केली तर तू त्या रेकॉर्डमधून निघून जाशील आणि पुन्हा कुणालाही सापडणार नाहीस. म्हणून आधी विचारते. हॅट तू वाजवलीस का? एका शब्दात उत्तर दिलंस तरी पुरे.

तुझी भाची

२ नोव्हेंबर

ती. आत्यास,

सा. न.

तुझं कार्ड मिळालं. एका शब्दाऐवजी पाच ओळी आल्या, म्हणजे उत्तर ‘हो’ आहे.

तू लिहितेस, ‘यंत्राचं हॅटचं बटण लक्षात ठेवत नव्हतं, म्हणून कुणीतरी दाबत बसायला लागायचं. मी बसले. एवढंच. जुनं उकरू नकोस. दादाने नाव टाकू का विचारलं होतं, मीच नको म्हटलं. दादाचं आहे ते दादाचं राहू दे. मी आता गाड्या शिकवते.’

‘एवढंच’ या शब्दावर माझं काही म्हणणं आहे. तू सात मिनिटं न थांबता वाजवत होतीस, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, अशी सहा गाणी. ठोका यंत्राचा, खालचा सूर बाबांचा, आणि लोकांच्या अंगात आलं ते तुझ्या दोन बोटांनी. हे मत नाही, मोजमाप आहे. हॅट सरळ करून एकदा वाजवून बघितलं. गाणं चालतं, पण लिफ्ट चालते तसं.

आता मागच्या पत्रात जे ‘पुन्हा कधीतरी’ म्हणून ठेवलं होतं, ते.

त्या दिवशी मी बाकी सगळे आवाज बंद करून फक्त हॅट लावली होती. बाबा स्पीकरवर हात ठेवून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘लाव की.’

ती चालू होती, आत्या. चांगली मोठ्याने चालू होती.

जाकीट समोर होते. मी ठोका चालू केला, बाबांच्या तळहाताला तो लागला, आणि ते मान डोलवू लागले. तेव्हा मला कळलं की दर वेळी ते ठोका वाढव, ठोका जाड कर का म्हणतात. मला वाटायचं काळाबरोबर चालतायत. त्यांना तेवढंच पोचतं. बारीक, वरचे आवाज गेले आहेत. तीस वर्षं भिंतीएवढ्या स्पीकरांशेजारी उभे राहिले, जाणारच. ज्या डौलाला त्यांचं नाव आहे तो त्यांना स्वतःला ऐकू येत नाही.

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. तुला सांगते, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

तुझं कार्ड आल्यावर मी बाबांना खोलीत बोलावलं. जाकिटांना मुद्दाम वगळलं. म्हटलं, ‘बाबा, त्या दिवशी तुम्ही लाव म्हणालात तेव्हा चालू होतं.’

ते म्हणाले, ‘कधीपासून माहीत आहे तुला?’

‘तुम्हाला कधीपासून?’

‘बाहेर बोललीस तर माझं काम संपलं, कळतंय ना?’

‘बोलणार नाही. पण तुम्हाला जे ऐकू येत नाही ते वाजवलंच नव्हतं, असं तुम्हाला म्हणता येणार नाही.’

‘मग मला कसं कळणार तू खरं बोलतेस?’

प्रश्न रास्त होता. मी त्यांचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि मनगटावर दोन बोटांनी वाजवलं. अगदी टेपवर आहे तसं, उशिरासकट. मी सराव केला होता, सोपं नाही ते. आठव्या मात्रेशी आले आणि घाई केली. बाबा एकदम हसले.

‘वळणाला घाई करायची,’ म्हणाले. ‘दर वेळी सांगायचो, छोटे, घाई नको, छोटे, घाई नको.’

यंत्राला कुणी छोटे म्हणत नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी हात काढून घेतला. मग आवाज चढवून म्हणाले, ‘पण मी विचारलं होतं तिला! नाव टाकू का म्हणून. तीच नको म्हणाली.’

‘कधी विचारलंत?’

‘रेकॉर्डची खोकी घरी आली तेव्हा.’

‘म्हणजे छापून झाल्यावर.’

‘हो,’ म्हणाले. मग पुन्हा एकदा, हळू, ‘हो.’

तर हा तुझा नकार. खोकी दारात, वर एकट्याचं नाव, आणि मोठा भाऊ विचारतोय, टाकू का? त्या प्रश्नाला ‘नको’ याशिवाय दुसरं काय म्हणता आलं असतं? त्यानंतर तू गाड्या शिकवू लागलीस आणि आमच्या घरचे फोन उचलायचे बंद केलेस. जिला काही वाटलं नाही ती तीस वर्षं फोन टाळत नाही. तुझं ते ‘नको’ मी धरत नाही. तुला राग आला तर ये आणि समोर रागव.

दुसऱ्या दिवशी बाबांसमोरच जाकिटांना सांगितलं, ठोका नवा देते, जाड देते, मालगाडी हवी तर मालगाडी देते, पण हॅटला हात लावणार नाही, आणि मुखपृष्ठाच्या मागे हॅट वाजवणाऱ्याची ओळ येईल.

‘मॅडम, हा तुमचा घरगुती प्रश्न आहे,’ जाकीट म्हणाले.

‘नाही. हा छपाईचा प्रश्न आहे.’

‘असं असेल तर आम्ही काम दुसरीकडे देऊ. सरळ करणारे पुष्कळ आहेत.’

‘खुशाल द्या. टेप बाबांच्या कपाटात आहे, त्यांच्याकडून मागून घ्या.’

आम्ही दोघांनी बाबांकडे बघितलं. बाबांचा तळहात स्पीकरवरच होता. मला वाटलं, ऐकू आलं नाही की काय. मग म्हणाले, ‘काम हीच करेल. ओळ राहू दे. नाव मी सांगणार नाही, तिचं ती सांगेल.’

यापेक्षा जास्त त्यांच्याकडून निघालं नाही. मला ते कमी वाटतं, आणि मी त्यांना तसं सांगितलं आहे. ते माझ्याशी बोलत नाहीत सध्या. जेवताना आईमार्फत मीठ मागतात.

तुला वाटत असेल, दादाचं नाव खराब होईल. होऊ दे. तीस वर्षं चांगलं होतं, पुष्कळ झालं. आणि हे सगळं मी तुझ्यासाठी करते आहे असं समजून भारावून जाऊ नकोस. त्याच स्टुडिओत आता मी बसते. आणखी तीस वर्षांनी आवाज पुन्हा बदललेला असेल, आमचं सगळं म्हातारं वाटेल, कुणीतरी माझ्या टेप काढून सरळ करायला घेईल. तेव्हा कुणी म्हणायला नको की ही बाजूला बसायची, इस्त्री करायची.

हॅट आहे तशी राहिली आहे. नवा ठोका तिच्याभोवती बसवला, उलटं नाही. सरळ यंत्राला तुझ्या उशिराची वाट बघायला लावली. फार त्रास झाला, आणि फार छान झालंय. काल दोन विशीतल्या पोरींना ऐकवलं, माझ्याकडे काम शिकतात त्या. एक म्हणाली, ‘हे कधीचं आहे?’ दुसरी नाचायला लागली होती, तिने काहीच विचारलं नाही.

मुखपृष्ठाच्या मागे लिहिलंय, ‘हॅट :’ आणि पुढे जागा रिकामी आहे. मजकूर महिनाअखेरीस छापखान्यात जाईल. तू नाव पाठवलंस तर तिथे नाव येईल, कुठलंही, तुला हवं ते. पाठवलं नाहीस तर तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही, पण ओळही काढणार नाही. रिकामी छापीन. बघणाऱ्याला कळेल की इथे कुणीतरी होतं. ‘नको’च म्हणायचं असेल तर आताचं ‘नको’ लिहून पाठव, जुनं चालणार नाही.

छपाईच्या आधी विचारणारी,

तुझी भाची