मूठभर कोंड्याचं नाव

१२ मार्च १९१२

गार्डसाहेबाच्या बायकोनं, नोराबाईनं ही वही दिली. म्हणे, आया, तुम भी लिखो. काय लिहू? दोन वर्षं शाळेत गेली, तेवढीच अक्षरं उरली.

बाईची पण वही आहे — नावांची! गोंदियाच्या या रेल्वे बंगल्यात तिला दुसरं कामच नाही. दिवस भरत आले, पाय सुजले, अन् तिच्या आयर्लंडची नावं वाचून राहिली. प्रत्येक नावाला अर्थ असतो म्हणे. जसा आमच्यात नसतोच!

"कॉनर, मतलब कुत्तों का दोस्त. रोनन, पानी के जानवर का बच्चा."

मी म्हटलं, "बाई, पोट्ट्याले नाव ठेवून राहिल्या का जंगलात सोडून राहिल्या?"

पोट धरून हसली.

१५ मार्च

आधीची दोन लेकरं गेली तिची. एक फिन, म्हणजे गोरा. सहा महिन्यांचा गेला. दुसरा ऐडन, म्हणजे लहानशी आग. तो तापानं. तोंडातून निघून गेलं माझ्या — नावातच आग ठेवली तर ताप येईलच!

बाई उठून आत गेली. जीभ छाटावी माझी.

१६ मार्च

बाईनं दार उघडलं नाही. चहा तसाच थंड झाला.

१७ मार्च

आज स्वतःच विचारलं, "आया, तुम्हारे कितने?"

चार. राजा, हिरा, सोना, गंगा. चांगली चांगली नावं मीच ठेवली. सासू म्हणायची, "लेकरू टाक, सुईणीकडून कोंड्यावर घे, वाईट नाव ठेव." मी ऐकलं नाही. माझं लेकरू मी काऊन टाकू? चारही गेली. जे माझं म्हटलं ते राहिलं नाही.

बाईला धानाचा कोंडा दाखवला. सगळं सांगितलं. जन्मलं की सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. सुईण उचलते — टाकलेलं लेकरू, तिचं झालं. बाराव्या दिवशी आई मूठभर कोंडा सुईणीला देते अन् विकत घेते. तोवर आईनं माझं म्हणायचं नाही. कोंड्यावर घेतला म्हणून कोंडू. असल्या नावाकडे मरण ढुंकूनही पाहत नाही.

बाई कोंडा बोटांनी चोळत बसली.

२९ मार्च

पोरगा झाला! नाळ मीच कापली, म्हणून सुईण मीच. साहेब गार्ड, तो गाडीवर गेलेला. बाई म्हणाली, "आया, सूप लाओ."

ठेवलं उकिरड्यावर. कवडू माळी विचारतो, "कोणाचं लेकरू व माय?"

"टाकलेलं आहे. आता माझं!"

बोलून टाकलं अन् सूप उराशी धरलं. किती वर्षांनी म्हटलं.

१ एप्रिल

साहेबानं नाव ठरवलं, कियेरन. अर्थ लहान काळा. मी म्हटलं, हे चालते! आमच्यात काळू असतोच. बाई हसली. हात लागला तर तिचं अंग तापलेलं.

५ एप्रिल

ताप उतरत नाही. डॉक्टर दोनदा येऊन गेला. पोरगा रडते अन् बाई घेत नाही. म्हणे, "अभी तुम्हारा है." मी चिडली — "घ्या व बाई, मसणात जाऊ द्या तो रिवाज!" नाही घेतला. नुसती पाहत होती.

७ एप्रिल

बाई गेली.

मीच शिकवलं तिला. छातीशी न धरताच गेली.

९ एप्रिल

बारावा दिवस. साहेबापुढे सूप धरलं. "साहेब, मूठभर उठाओ, मेरे हाथ में डालो. बस."

"जंगली औरत!" हातानं सूप उडवलं. व्हरांडाभर कोंडा. झाडत बसली मी.

पोरगा माझाच राहिला.

२ मे

आज साहेब पोराला घेऊन गेला. आयर्लंडले, बहिणीकडे. संगं एक मडम होती. स्टेशनवर मीच बाटली पाजली. बोट सोडत नव्हता. गाडी हलली तेव्हा झोपला होता.

कोणी विकत घेतला नाही. माझा म्हणूनच गेला. माझं राहत नाही! हे कोणाले सांगू?

१९ मे

नवा साहेब यायचा म्हणून बंगला झाडून राहिली. बाईच्या गादीखाली नावांची वही. बुकिंगबाबू खुशालनं वाचून दाखवली. कॉनर, रोनन, कियेरन… शेवटच्या पानावर थरथरत्या अक्षरात — कोंडू, म्हणजे जो जगतो.

त्याच पानात कागदाची पुडी. खुशाल म्हणाला, "मावशी, यावर लिहिलं आहे, आयासाठी, बाराव्या दिवशी."

आत मूठभर कोंडा.

२० मे

आंघोळ केली. पुडी सोडली. कोंडा पदरात घेतला.

कोंडू माझा नाही आता. जगेल.