अबवापासून मक्केपर्यंत

करामा, दुबई
शुक्रवार, १४ मे १९९९

ती. बाबांना नीलूचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र आणि दादाचा फोन एकाच दिवशी आले. डॉक्टरांनी तुम्हाला जिना चढायला परवानगी दिली, तुम्ही सकाळी गणपतीच्या देवळापर्यंत पायी जाऊन आलात, हे ऐकून फार बरं वाटलं. वहिनी म्हणाली, अळणी आमटीवरून तुमची अजून कुरकूर चालते. कुरकूर करा, पण खा तीच.

इथे उन्हाळा लागला. दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं, म्हणून सकाळीच बादल्या भरून ठेवते. सुजीत साईटवरून येतो तो थेट एसीसमोर जाऊन बसतो. त्याला काही विचारलं की "यल्ला, चल, आधी चहा दे," एवढंच उत्तर. ऊद मेथा भागातल्या आमच्या शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. यंदा मला सातवी आणि आठवीचा भूगोल आहे.

बाबा, ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही प्रत्येक पत्रात एकच विचारता. झुबेदा का लिहीत नाही? तिच्या पुस्तकातल्या करबलाच्या प्रकरणावरचा माझा शेरा तिला लागला का? मी लिहीत राहिले की ती परीक्षांच्या गडबडीत आहे. या वेळी तुम्ही लिहिलंत, "रागावली असेल तर तिला सांग, म्हातारा मास्तर जरा जास्तच लिहून गेला." ते वाचून मी पत्र मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

ती रागावली नव्हती. हे आधी सांगते. दापोलीच्या शाळेत तुमच्या वर्गात माझ्या बाकावर बसायची, तेव्हाही ती तुमच्यावर कधी रागावली नाही.

तुम्ही तपासलेल्या पानांचं पाकीट आलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं ते आमच्या स्टाफरूममध्ये फोडलं. तुमची लाल पेन्सिल लांबूनच ओळखू आली. समासात लिहिलं होतं, "हे भक्ताचे लेखन झाले, इतिहासकाराचे नव्हे. अश्रू पुसून मग लिहावे." तिचा चेहरा पडला, हे खरं. बसमध्ये म्हणाली, "नीलू, सरांना काय माहीत ग. आमच्या घरी मोहरमला अम्मी चूलसुद्धा मोठ्यानं फुंकत नसे. मी कोरडं कसं लिहू?"

मी म्हटलं, "मग नको बदलूस."

"नको कसं? सर आहेत ते."

आठवडाभर ती त्या पानांशी झगडली. नंतर एका संध्याकाळी लेकीला, कुबराला घेऊन आमच्याकडे आली आणि नवं प्रकरण मला वाचून दाखवलं. सगळी विशेषणं काढून टाकली होती. क्रूर नाही, पवित्र नाही, हाय-हाय नाही. फुरात नदी कुठे होती, तंबू कुठे होते, पाणी कधी तोडलं, कोण कोणाआधी गेलं, बस. वाचता वाचता तिलाच पुढचं वाचवेना. माझ्या हातात पानं देऊन म्हणाली, "सर बरोबर होते ग. विशेषणं काढली तर जास्तच रडू येतं. त्यांना मीच लिहीन हे, तू सांगू नकोस."

म्हणून सांगितलं नव्हतं. आता मलाच सांगावं लागतंय.

हे पुस्तक तिनं कशासाठी हाती घेतलं, ते तुम्हाला तिनं कधी लिहिलं का? मला म्हणाली होती, "आपल्या गावच्या पोरांना हा इतिहास एक तर मदरशात कळतो नाहीतर भांडणात. मराठीत, साध्या गोष्टीसारखा, कोणी सांगतच नाही." ब्याण्णवच्या डिसेंबरातल्या दंगलींनंतर तिच्या मनानं घेतलं होतं. मक्केतल्या व्यापारी तांड्यांपासून सुरुवात, मग हिजरत, चार खलिफा, दमास्कस, आणि शेवट बगदाद. नकाशे मी काढत होते. शंभर वर्षांत सिंधपासून स्पेनपर्यंत रंग भरत जावा लागतो, माझे खडू संपायचे. ती हसायची, "तुझा हात दुखला, त्यांचे घोडे किती दमले असतील."

सध्या कुबरा आमच्याकडेच असते. नऊ वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. सुजीतच्या शेजारी बसून क्रिकेट बघते. पोळीला तूप लागतं, भाजी नको असते.

बाबा, खुर्चीत बसा. दादा घरी असेल तर त्याला जवळ बोलवा.

झुबेदा गेली. तुमचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात. आठवीच्या वर्गातून ती डोकं धरून बाहेर आली, स्टाफरूममध्ये टेबलावर मान टाकली आणि मला म्हणाली, "जरा लाइट बंद कर." तेवढंच. अँब्युलन्समध्ये मी तिच्याबरोबर होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, खलास असं न म्हणता, पण तेच. दादा म्हणाला, बाबांना आत्ता कळवायचं नाही. मला पटलं. पण प्रत्येक पत्रात तिला जिवंत ठेवताना माझं काय झालं ते मी कोणाला सांगू शकले नाही.

तिला गावी न्यावं असं सगळ्यांना वाटत होतं. कागदपत्रांना वेळ लागणार होता. मी तिच्या अम्मीला, हव्वाबीला शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावलं. म्हातारीला आधीच कळलं होतं. तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "लेकीला ताटकळत ठेवू नका. तितंच माती द्या." फोन मात्र ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

अल कुसैसच्या कबरस्तानात बायका आत गेल्या नाहीत. सुजीत गेला, शाळेतले पुरुष शिक्षक गेले. मी आणि कुबरा गाडीत बसलो. सुजीत परत येताना दिसला तेव्हा ती म्हणाली, "इज इट डन?" मी मान हलवली. तिनं सीटबेल्ट लावला.

कुबराचे वडील ती तान्ही असतानाच गेले. तिचा व्हिसा आईच्या नावावर होता. शाळेनं धावपळ करून काही महिन्यांची मुदत मिळवली, ती आता संपते. मी आणि सुजीतनं ठरवलं होतं की तिला ठेवून घ्यायचं. आम्हाला मूल नाही म्हणून नव्हे, निदान फक्त म्हणून नव्हे. मी हव्वाबीला विचारलं. ती म्हणाली, "तू तिला शिकवशील, जेवू घालशील, मला ठाव हाय. पण बाई, माझं एक तरी माझ्या अंगणात पाठव." मग मी दोघींची तिकिटं काढली.

परवा कुबरानं आईचं पुस्तक वाचून दाखव म्हणून हट्ट धरला. मराठी अक्षरं तिला भरभर वाचता येत नाहीत. मी पहिलंच प्रकरण काढलं. पैगंबरांचे वडील त्यांच्या जन्माआधीच गेले होते. सहा वर्षांचे असताना आई आमिना त्यांना घेऊन यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदिनेला, नातलगांकडे गेली. परतीच्या वाटेवर अबवा नावाच्या ठिकाणी ती आजारी पडली आणि तिथेच गेली. बरोबर उम्मे ऐमन नावाची दासी होती. तिनं त्या पोराला उंटावर घेतलं आणि मक्केला आजोबांच्या हाती दिलं.

"अँड देन?"

"मग आजोबांनी सांभाळलं. दोन वर्षांनी तेही गेले. मग काकांकडे."

"सो एव्हरीबडी ही गोज टू, डाइज."

तिनं पान उलटलं. "दॅट लेडी. डिड शी स्टे विथ हिम?"

मी खरं सांगितलं. उम्मे ऐमन आयुष्यभर त्यांच्या जवळ राहिली. ते तिला आपली दुसरी आई म्हणत. ती त्यांच्यामागेही जिवंत होती.

"बट यू आर कमिंग बॅक हिअर."

"हो राणी. नोकरी आहे. पण जुलैच्या सुट्टीत, दिवाळीत भेटायला येईन..."

"ओके," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. बाबा, तिचं ते ओके अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी निघतो. मुंबईहून एसटीनं दापोली, तिथून हव्वाबीचं घर. दोन दिवस राहीन, मग सांगलीला येईन. करबलाचं नवं प्रकरण आणते, ते तुम्ही वाचाच. त्यावर शेरा लिहायचा असेल तर लिहा, तिला तो हवा होता. बगदाद अर्धंच राहिलंय. खलिफा मन्सूरनं वाळूवर राखेनं शहराचा गोल आखून घेतला आणि त्या रेघांमधून तो चालत गेला, इथपर्यंत येऊन थांबलंय. ते पुरं करा असं मी म्हणणार नाही. तब्येत आधी. पण मी आले की एक दिवस माझ्याशेजारी बसा आणि तिच्याबद्दल बोला. इथे तिची शाळकरी वयातली ओळख असलेलं कोणीच नाही, आणि कुबराला सांगण्याजोगं मला रोज थोडं कमीच आठवतं.

दादा-वहिनींना नमस्कार. औषधं वेळेवर घ्या. रडू आलं तर या वेळी पुसू नका.

तुमच्या वर्गातल्या त्या बाकावरची उरलेली,
नीलू