ही जागा सार्वजनिक आहे

३ मार्च
सौ. बाईसाहेब – चुकलो, कै. बाईसाहेब,
हवालदार पुन्हा आला. तुझे शिलाई मशीन फूटपाथवर येते, गाळ्यात घ्या म्हणाला. मी नम्रपणे नकार दिला. उजेडासाठी तू तिथे बसायचीस. मशीन तिथेच राहील. पुढील खेपेस त्याच्या अरेरावीचे मोबाइलवर चित्रीकरण करण्याचा निश्चय केला आहे.

४ मार्च
दिवसभर कायद्याचे वाचन. निष्कर्ष: सार्वजनिक जागी, कामात अडथळा न आणता, पोलिसाचे चित्रीकरण करण्यास मनाई नाही. लेकीला फोनवर हे सविस्तर सांगितले. "बाबा, मशीन दोन फूट आत सरकवा ना," एवढेच म्हणाली. कायदा हा विषय तिचा पहिल्यापासून कच्चा.

६ मार्च
शेजारच्या घड्याळजीवर सराव केला. कॅमेरा उलट असल्याने संपूर्ण चित्रीकरणात माझे नाक आले. "साहेब, याला पोलीस नक्की घाबरेल," असे तो म्हणाला. दुर्लक्ष केले.

९ मार्च, दुपार
विजय! हवालदार येताच फोन उंच धरून खड्या आवाजात तीनदा बजावले: ही जागा सार्वजनिक आहे, सबब मला चित्रीकरणाचा पूर्ण अधिकार आहे. त्याने टोपी सरळ केली. "काढा काका, मिशी नीट येऊ द्या," म्हणाला. दडपणाखाली असावा.

१० मार्च
व्हिडिओ घेऊन चौकीत गेलो. साहेबांनी तो दोनदा पाहिला. मला खुर्ची दिली. चित्रीकरण करण्यात काहीही गैर नाही, आपले शंभर टक्के बरोबर, असे म्हणाले. मला भरून आले. मग म्हणाले, जागा सार्वजनिक असल्याचे आपणच सांगता आहात आणि मशीन त्याच जागेवर दिसते आहे. व्हिडिओची प्रत ठेवून घेतली आणि मशीन हटवण्याची नोटीस हाती दिली.
हवालदार फाटकापर्यंत सोडायला आला. "काका, मी तोंडीच सांगत होतो हो. आता कागद झाला."
अपील करणार.

१३ मार्च
मशीन टेम्पोत चढवून नेले. उचलताना चाक आपोआप गर्रकन फिरले. चित्रीकरणाचा अधिकार होता. फोन खिशातच राहिला.
गाळामालकालाही नोटीस गेली. "वहिनी होत्या तोवर दारात कधी कागद आला नाही," म्हणाला. गाळा सोडण्यास सांगितले.

१४ मार्च
अपिलाचा मसुदा आरंभिला. "माझी पत्नी" येथपर्यंत झाला.

१६ मार्च
कात्री, टेप आणि तुझी उशी घरी आणली. फूटपाथवर मशीनच्या पायांचे चार ठसे आहेत; त्यांवरून लोक चालतात. जागा सार्वजनिक आहे.
गाळ्याला कुलूप लावले. किल्ल्या मालकाला परत केल्या.