बोर्डवरचं कुंकू

३० सप्टें., मंगळ.

दसरा परवा, आणि सगळ्या नाशिकचे कॉम्प्युटर आजच आजारी पडलेत. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ विक्रीच्या काउंटरला, दुरुस्तीच्या काउंटरला मी एकटी. दुरुस्ती करणारे गायकवाड आत टेबलाशी, मान वर करायला तयार नाहीत.

संध्याकाळी मखमलाबादच्या शोभाताई आल्या. पंचवटीत फुलं विकतात, स्वतःच्या मळ्यातली. बरोबर मुलगी, प्रतीक्षा. कॉम्प्युटर चार महिन्यांपूर्वी आमच्याकडूनच नेलेला. सुरू होतो आणि दोन मिनिटांत मरतो. प्रतीक्षा सातपूरच्या एका वर्कशॉपची ड्रॉइंग घरून करून देते, म्हणून जीव टांगणीला. गायकवाडांनी तपासलं. मदरबोर्ड गेलाय, बाकी सगळं ठीक. प्रोसेसर काढून तिच्या हातात दिला, बोर्ड कंपनीकडे पाठवायला ठेवून घेतला. वॉरंटी तीन वर्षांची आहे, काळजी करू नका, असं मीच सांगितलं.

पावतीची गुलाबी प्रत फाडून त्यांना दिली. ‘वस्तूची स्थिती’ हा रकाना भरायचा राहिला. मागे सहा जण ताटकळलेले. बोर्ड नवा कोरा दिसत होता, त्यात लिहायचं तरी काय.

जाताना शोभाताईंनी झेंडूची पिशवी काउंटरवर ठेवली. "उद्याच्या पूजेला घ्या ताई. आमच्याच मळ्यातली हायेत." पैसे विचारले तर रागावल्या.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

पूजा नेहमीप्रमाणे माझ्याकडे. अकरा वर्षं मीच करते. शेठ म्हणतात, मीनाताईंच्या हाताला यश आहे. (पगारवाढीच्या वेळी हा हात त्यांना दिसत नाही, ते असो.)

टेबलावर सगळं मांडलं. स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, बिलाचा प्रिंटर. घरून करंडा नेला होता. ओलं कुंकू, हळद, अक्षता, झेंडू. फुलाने पाणी शिंपडलं. शोभाताईंचा बोर्ड तिथेच उघड्या खोक्यात होता. मनात आलं, धडधाकट यंत्रांना मान आणि आजाऱ्याला काहीच नाही, हे काही बरं नाही. त्याला कुंकू जरा जास्तच वाहिलं, वर एक टपोरा झेंडू. म्हटलं, लवकर बरा हो बाबा. गायकवाड हसले, "ताई, याला सलाइन पण लावा."

फोटो छान आला. स्टेटसला ठेवला. पेढे खाऊन दुपारी दुकान बंद.

४ ऑक्टो., शनि.

कंपनीला जायचा माल बांधला. एकूण सात नग, त्यात तो बोर्ड. गायकवाडांनी वरून ब्रश फिरवला.

१६ ऑक्टो., गुरु.

बोर्ड परत आला. दुरुस्त न होता. सोबत चिठ्ठी: सॉकेटमध्ये लाल पूड व ओलाव्याच्या खुणा, ग्राहकाच्या हाताळणीमुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही.

गायकवाडांचं भिंग घेऊन पाहिलं. प्रोसेसर बसतो त्या चौकोनात, म्हणजे सॉकेटमध्ये, केसासारख्या बारीक पिना असतात. त्यांच्या मुळाशी लाल चिकटलेलं. एका कोपऱ्यात झेंडूची पाकळी, वाळून दोऱ्याएवढी झालेली.

प्रोसेसर काढला की त्या चौकोनावर झाकण बसवायचं, हे मला माहीत आहे. अकरा वर्षं दुसऱ्यांना तेच सांगते.

शेठना सांगितलं. सगळं सांगितलं, पाकळीसुद्धा. ते पेन उघडबंद करत बसले. मग म्हणाले, "मूळ बिघाड तर आधीचाच होता ना? ते लोक येतील तेव्हा बघू."

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस

शोभाताई आल्याच. शेठ बाहेर गेलेले. चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना लहान अक्षर दिसेना, म्हणून मी वाचून दाखवली. 'ग्राहकाच्या हाताळणीमुळे' हेही स्पष्ट वाचलं.

"म्हंजे आमच्यामुळं?"

आणि मी म्हणाले, "घरी पूजेत काही सांडलं असेल."

असं काही म्हणायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. त्या विचार करायला लागल्या. खरंच, प्रामाणिकपणे आठवायला लागल्या. "गणपतीत आरास त्याच खोलीत व्हती... पण कॉम्प्युटरवर तर चादर टाकलेली." मला म्हणाल्या, पोरीला विचारते. स्वतःच्या घरात चूक शोधत गेल्या बाई.

लाज वाटते. लिहितानाही वाटते.

२७ ऑक्टो., सोम.

दिवाळी झाली. फराळाला चव नव्हती, की माझ्याच तोंडाला, कोण जाणे.

आज प्रतीक्षा एकटी आली. आईसारखी नाही ती. शांतपणे, आवाज न चढवता बोलली. बोर्ड बंद पेटीच्या आत होता, पेटी तुमच्याच माणसाने उघडली, तेव्हा लाल काही असतं तर तुम्ही तेव्हाच बोलला असता. शेठ म्हणाले, कंपनीनेच नाकारलं, आम्ही काय करणार. ती म्हणाली, "मी कंपनीकडून नाही घेतला, तुमच्याकडून घेतला. बिल तुमचं आहे. सदोष माल निघाला तर विकणाऱ्याचीही जबाबदारी असते." शेठनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तिने त्या पाटीचाच फोटो काढला. "हेही दाखवीन ग्राहक आयोगात."

तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझा मिक्सर पहिल्याच आठवड्यात जळाला तेव्हा मी हेच सगळं त्या दुकानात बोलले होते, आणि चांगला चढ्या आवाजात. नवा मिक्सर घेऊनच घरी आले होते. गल्लीत आठवडाभर सांगत फिरले.

जाता जाता म्हणाली, वर्कशॉपवाले महिनाभर थांबले, आता काम दुसऱ्याला दिलंय. दिवाळीत ती आईबरोबर फुलांच्या पाटीशी बसली होती. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे तिचा.

ती गेल्यावर शेठनी पावतीपुस्तक मागवलं. आमची पांढरी प्रत पाहिली. म्हणाले, "हा रकाना रिकामा बरा दिसत नाही, मीनाताई." एवढंच. काय लिहायचं ते नाही सांगितलं. पुस्तक माझ्याकडे सरकवून फोनवर बोलायला बाहेर गेले.

मी लिहिलं. 'सॉकेटमध्ये लाल डाग.' आधी ड्रॉवरमध्ये तेच निळं पेन शोधलं, त्या दिवशीचं. शोधलं मी. हे कुणी सांगितलं नव्हतं.

२ नोव्हें., रवि.

शेठ वाईट माणूस नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण उद्या राग आला की विसरेन. आईच्या ऑपरेशनला महिनाभर रजा दिली, पगार कापला नाही, दवाखान्यात दोनदा स्वतः आले. दुकानाची किल्ली माझ्याकडे असते. खाल्ल्या मिठाला जागायचं, हे लहानपणापासून ऐकलंय. पण शोभाताईंचंही काही घेतलंच आहे ना मी. पिशवीभर.

२८ नोव्हें., शुक्र.

ग्राहक आयोगाची नोटीस आली. वकील न लावता, प्रतीक्षाने स्वतः लिहिलेली तक्रार. अक्षर न अक्षर व्यवस्थित. सोबत बिल, पाटीचा फोटो, आणि गुलाबी पावतीची झेरॉक्स. त्यावरचा रकाना कोरा.

शेठच्या वकिलांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. पांढऱ्यावर डाग, गुलाबीवर काही नाही. मला वाटलं, आता पकडले गेले, आणि खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. पण ते म्हणाले, "कार्बन नीट उमटला नसेल. होतं असं. माल घेणाऱ्या बाईंचं प्रतिज्ञापत्र जोडू. बोर्ड घेतानाच डाग होते, एवढंच म्हणायचंय."

माल घेणारी बाई म्हणजे मी.

२९ नोव्हें., शनि.

ह्यांना सांगितलं. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "तू नोकरी कर. न्यायाधीश होऊ नकोस." मग थोड्या वेळाने पेपर खाली ठेवला. "शपथेवर आहे का ते?" म्हटलं, हो. पुन्हा पेपर उचलला. पान मात्र उलटलं नाही.

गायकवाडांना विचारलं, तुम्ही काय म्हणाल? "मला कुणी विचारलं नाही तोवर मी काही पाहिलं नाही." सगळेच शहाणे. मूर्खासारखी पूजा करणारी मी एकटी.

४ डिसें., गुरु.

मार्गशीर्षातला गुरुवार. फुलं, पाच फळं, पानं हवी होती. घराजवळ नाशिक रोडला सगळं मिळतं, तरी सकाळी पंचवटीला गेले. का गेले? दुसऱ्या टोकाच्या बाईकडून शेवंती घेत होते, म्हणजे चोरासारखी तोंड लपवत होते, तर मागून हाक. "ओ ताई, इकडं या की. माझ्याकडची ताजी हाये."

गेले. पाटीशी दोघी मायलेकी. प्रतीक्षा मान खाली घालून हार ओवत होती, वर पाहिलं नाही. शोभाताईंनी मापापेक्षा जास्तच फुलं घातली.

"तुमच्यावर राग नाय आपला. तुम्ही नोकरदार माणूस. तिथं विचारतील तवा, बोर्ड घेताना कसा व्हता तेवढं खरं सांगा, म्हंजे झालं."

मी मान हलवली. होकारार्थी की कशी, मलाच माहीत नाही.

मग हसून म्हणाल्या, "खंडेनवमीचा फोटो ठेवला व्हता ना तुम्ही? पावतीवर तुमचा नंबर, म्हनून दिसला. माझी फुलं लय झ्याक दिसत व्हती. हिला पन दाखवला."

प्रतीक्षाची सुई थांबली. मग परत चालायला लागली.

घरी पूजा मांडली. कहाणी वाचताना दोन ओळी गाळल्या गेल्या, पुन्हा मागे जावं लागलं.

५ डिसें., शुक्र.

तो फोटो शोधला. स्टेटसवरून तेव्हाच गेला, पण माझ्या फोनमध्ये आहे. बोटांनी मोठा केला. डाव्या कोपऱ्यात खोकं, खोक्यात बोर्ड, चौकोन उघडा, त्यावर कुंकवाचं बोट आणि टपोरा झेंडू. खोक्यावर आमचा पावती क्रमांकाचा स्टिकर. आकडे वाचता येतात.

पुसून टाकायची खूण दाबली. फोनने विचारलं, नक्की? नाही म्हटलं.

८ डिसें., सोम.

उद्या अकराला वकिलांकडे सही. कागद टाइप होऊन आला आहे. 'मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की सदर बोर्ड स्वीकारतेवेळी त्यावर लाल डाग होते.' खाली माझं पूर्ण नाव. इतक्या सुबक अक्षरात माझं नाव लग्नपत्रिकेनंतर आजच पाहिलं.

शेठ आज स्वतः चहा घेऊन काउंटरवर आले. "तुमच्या जिवावर दुकान चालतं ताई." नेहमी म्हणतात. आज मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले. मी म्हणाले, शेठ, त्यांना बोर्ड बदलून देऊन टाकू या ना. कप बशीत ठेवला त्यांनी. "आता दिला तर चूक कबूल केल्यासारखं होईल." आणि गेले.

सहाला घरी आले. हे यायचे होते. गॅसवर वरण, आणि ओट्याशी उभी राहून शोभाताईंचा नंबर काढला. फोटो पाठवला. खाली लिहिलं: 'डाव्या कोपऱ्यात तुमचा बोर्ड आहे. कुंकू मी वाहिलं. पावतीतला रकाना मी नंतर भरला. प्रतीक्षाला दाखवा.'

दोन निळ्या खुणा आल्या. वरण थोडं लागलं खाली, ह्यांनी तसंच खाल्लं.

उद्या साडेनऊला दुकान उघडायचं आहे. किल्ली माझ्या पर्समध्येच आहे.